मृगातला तांबडा प्रकाश आणि कॅमेऱ्यातली काच

१/ हिवाळ्यात मृग नक्षत्र पूर्वेकडे चांगले वर आले की त्यातील तीन ताऱ्यांचा बाण कोणालाही ओळखता येतो. याच मृगाची दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. कॅमेऱ्याचे मॉडेल एकच, लेन्स एकच, रात्रही एकच. तरीही ती दोन वेगळ्या आकाशांची वाटू शकतात. पहिल्यात काळ्या पार्श्वभूमीवर तारे आणि बाणाच्या खाली एक निळसर-गुलाबी डाग दिसतो. दुसऱ्यात त्याच ताऱ्यांभोवती एक विशाल तांबडी कमान पसरलेली असते. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या आतील एक पातळ काच काढून टाकलेली असते, एवढाच काय तो फरक.

२/ ही काच कॅमेरा बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक बसवलेली असते. ती का बसवली आणि आकाश टिपणाऱ्यांनी ती का काढली, हे समजून घ्यायचे तर दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. हा एका विशिष्ट तांबड्या प्रकाशाचा इतिहास आहे. तो प्रकाश आकाशात सदैव होता. पाहणारी साधने मात्र त्याच्या बाबतीत पुन्हा पुन्हा आंधळी ठरली, आणि दर वेळी आंधळेपणाचे कारण निराळे होते.

३/ विश्वातील सर्वांत विपुल मूलद्रव्य म्हणजे हायड्रोजन. नव्याने जन्मलेल्या अतितप्त ताऱ्यांचा जंबुपार प्रकाश भोवतालच्या हायड्रोजनच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन उडवून लावतो. हे इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परततात आणि पायरी पायरीने खाली उतरतात. तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर येताना जो प्रकाश बाहेर पडतो त्याची तरंगलांबी ६५६.३ नॅनोमीटर असते. हा गडद तांबडा रंग आहे. शास्त्रज्ञ त्याला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. आकाशगंगेत जिथे जिथे मोठे तारे जन्माला येतात, तिथे तिथे हा प्रकाश तेवत असतो.

४/ पहिला आंधळेपणा मानवी डोळ्याचा. अंधारात आपल्या डोळ्यातील दंडपेशी काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत. सुमारे ५०७ नॅनोमीटरच्या निळसर हिरव्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि गडद तांबड्या प्रकाशाला जवळजवळ देतच नाहीत. त्यामुळे मृगातील प्रसिद्ध तेजोमेघ दुर्बिणीतून पाहिला तरी बहुतेकांना तो राखाडी किंवा फिकट हिरवट दिसतो. दुर्बिणीचा शोध लागल्यानंतर अडीच शतके निरीक्षकांनी तेजोमेघांची चित्रे हाताने रेखाटली. त्या चित्रांत तांबडा रंग नाही, कारण रेखाटणाऱ्यांना तो दिसलाच नव्हता.

५/ १८१४ मध्ये जर्मनीत योझेफ फ्राउनहोफर याने सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांना इंग्रजी अक्षरे दिली. तांबड्या भागातील एका ठळक रेषेच्या वाट्याला ‘सी’ हे अक्षर आले. १८५९-६० च्या सुमारास किरखोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, आणि त्यांच्यावरून दूरच्या पदार्थाची ओळख पटवता येते. ‘सी’ रेषा हायड्रोजनची निघाली. आज ज्याला हायड्रोजन-अल्फा म्हणतात तो प्रकाश हाच.

६/ २९ ऑगस्ट १८६४ रोजी लंडनमध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला. ताऱ्यासारखा सलग पट्टा दिसण्याऐवजी त्यांना मोजक्या तेजस्वी रेषा दिसल्या. काही तेजोमेघ हे दूरच्या ताऱ्यांचे पुंजके नसून प्रत्यक्ष वायूचे ढग आहेत, याचा तो पहिला पुरावा होता. मात्र हगिन्स यांना दिसलेल्या रेषा हिरव्या-निळ्या भागातील होत्या. त्यांतली एक हायड्रोजनची होती. सर्वांत ठळक रेषेचा उगम अज्ञातच राहिला आणि त्यासाठी ‘नेब्युलियम’ नावाचे मूलद्रव्य कल्पिले गेले. ती रेषा आयनीभूत ऑक्सिजनची आहे, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले.

७/ तांबडी रेषा ठळकपणे समोर आली ती भारतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया दख्खनवरून पूर्वेकडे गेली. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटूर येथे फ्रान्सचे ज्यूल जान्सेन वर्णपटदर्शक घेऊन सज्ज होते. सूर्यबिंब झाकले गेले तेव्हा कडेला उसळलेल्या सौरज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा उमटल्या, आणि त्यांत हायड्रोजनची तांबडी ‘सी’ रेषा होती. सौरज्वाला म्हणजे तप्त हायड्रोजनचे लोळ आहेत, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ती रेषा इतकी प्रखर होती की ग्रहण संपल्यावरही ती पाहता येईल, असे जान्सेन यांच्या ध्यानात आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते करून दाखवले.

८/ या ग्रहणाशी विजयदुर्ग किल्ल्याचे नाव जोडले जाते. तिथल्या ‘साहेबाच्या कट्ट्यांवरून’ नॉर्मन लॉकियर यांनी हेलियम शोधला, ही कथा महाराष्ट्रात आवडीने सांगितली जाते. लॉकियर यांचे ते गाजलेले निरीक्षण मात्र २० ऑक्टोबर १८६८ चे आहे. ते त्यांनी इंग्लंडमधून, ग्रहणाविना, जान्सेन यांच्यासारख्याच पण स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीने केले. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच वेळी पोहोचली. पुढे फ्रान्सने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले.

९/ पुण्यातही या संशोधनाचा एक धागा आहे. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला, आणि तिच्यात ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण होती. मृगातील तेजोमेघाची मुख्य हिरवी रेषा कशी दिसते, यावरून त्या काळी हगिन्स आणि लॉकियर यांच्यात वाद पेटला होता. नायगमवाला यांनी पुण्यातून निरीक्षण करून ती रेषा रेखीव आहे असे नोंदवले. हा निष्कर्ष लॉकियर यांच्या मताविरुद्ध जाणारा होता. १८९३ मध्ये याच पुण्याच्या लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला. एकच नक्षत्र, एकच शहर, आणि त्याच्याकडे पाहणाऱ्या दोन अगदी वेगळ्या दृष्टी.

१०/ तोवर छायाचित्रण आकाशापर्यंत पोहोचले होते. ३० सप्टेंबर १८८० रोजी अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटांचे एक्सपोजर देऊन मृगातील तेजोमेघ टिपला. कोणत्याही तेजोमेघाचे ते पहिले छायाचित्र. जानेवारी १८८३ मध्ये लंडनजवळ ईलिंग येथे अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांनी ३६ इंची दुर्बिणीतून ३७ मिनिटांत घेतलेल्या चित्रात तर डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे उमटले. डोळा क्षणापुरते पाहतो, काच मात्र प्रकाश साठवत जाते, हे खगोलशास्त्राला कळले.

११/ पण त्या काचाही तांबड्या प्रकाशाला आंधळ्याच होत्या. हा दुसरा आंधळेपणा, रसायनाचा. सिल्व्हर ब्रोमाइडवर परिणाम होतो तो निळ्या, जांभळ्या आणि जंबुपार प्रकाशाचा. फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये लाल दिवा लावत, याचे कारण हेच होते. लाल उजेडात काच किंवा कागद खराब होत नसे. छायाचित्रकाराला सोयीचा असलेला हा गुण आकाशाच्या बाबतीत दोष ठरला. जे तेजोमेघ मुख्यतः तांबड्या रंगात चमकतात, ते या काचांवर जेमतेम उमटत.

१२/ यावरचा उपाय ड्रेपर यांच्या आधीच हाती आला होता. १८७३ मध्ये बर्लिनमध्ये हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल यांना बाजारातल्या काही कोरड्या काचा हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देताना आढळल्या. या काचांच्या लेपात रंग मिसळलेला होता. फोगेल यांनी त्यावरून अनुमान काढले की रंगद्रव्य जो प्रकाश शोषते, त्याची जाणीव ते चांदीच्या क्षारालाही करून देते. योग्य रंगद्रव्य मिसळले तर काचेला नवा रंग ‘दाखवता’ येतो. मात्र गडद तांबड्यापर्यंत मजल मारणारी चांगली रंगद्रव्ये सापडायला आणखी तीन दशके लागली.

१३/ दरम्यान निळ्या काचांवरच जे सापडले तेही थक्क करणारे होते. १८८८ मध्ये हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग मृगाच्या बाणाजवळची एक काच तपासत होत्या. एका अंधूक तेजोमय पट्ट्यात त्यांना अर्धवर्तुळाकार खाच दिसली. आज तिला अश्वशीर्ष तेजोमेघ म्हणतात. ज्या पट्ट्यावर ही काळी आकृती उमटते तो हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशाने उजळलेला आहे, आणि फ्लेमिंग यांच्या काचेवर त्याचा केवळ फिका निळा अंश आला होता. पुढे प्रसिद्ध झालेल्या सूचीत तर त्यांच्या नावाचाही उल्लेख नव्हता.

१४/ त्याच सुमारास विल्यम पिकरिंग यांनी १८८९ मध्ये आणि एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी १८९४ मध्ये मृगाला वेढणारी एक प्रचंड कमान टिपली. तिला आज ‘बर्नार्डचे कडे’ म्हणतात. पहिल्या परिच्छेदातील तांबडी कमान ती हीच. आकाशातला तिचा विस्तार चंद्रबिंबाच्या वीसपटीहून अधिक आहे. इतकी मोठी गोष्ट हजारो वर्षे मृगाकडे पाहणाऱ्या कोणत्याही संस्कृतीने नोंदवली नाही, कारण ती डोळ्यांच्या कक्षेबाहेरच्या रंगात होती.

१५/ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परिस्थिती बदलली. १९०५ मध्ये पिनासायनॉल हे तांबडा प्रकाश पकडणारे रंगद्रव्य मिळाले आणि १९०६ मध्ये इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने सर्व रंगांना संवेदनशील काचा बाजारात आणल्या. १९१२ मध्ये कोडाईकनालच्या वेधशाळेत सूर्याची हायड्रोजन-अल्फा प्रकाशातील चित्रे घेणे सुरू झाले. त्याच वर्षी पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि नायगमवाला यांची दुर्बीणही कोडाईकनालला गेली.

१६/ रॅटन कंपनीतले केनेथ मीस १९१२ मध्ये कोडॅकमध्ये गेले आणि त्यांनी रॉचेस्टर येथे संशोधन प्रयोगशाळा उभी केली. मीस यांना खगोलशास्त्राची आस्था होती. व्यापारी दृष्टीने नगण्य अशा मूठभर वेधशाळांसाठी कोडॅकने दशकानुदशके खास काचा बनवल्या. सामान्य फिल्मवर मंद प्रकाश तासभर पडत राहिला तर तिचा प्रतिसाद हळूहळू ढेपाळतो. ‘१०३ए’ मालिकेच्या काचा दीर्घ एक्सपोजरसाठीच घडवलेल्या होत्या, आणि त्यांतली ‘१०३ए-ई’ ही काच हायड्रोजनचा तांबडा प्रकाश टिपणारी होती.

१७/ या काचेने आकाशाचा नकाशाच बदलला. १९४९ ते १९५८ या काळात कॅलिफोर्नियातील पालोमार पर्वतावर ४८ इंची श्मिट दुर्बिणीतून आकाश पद्धतशीरपणे टिपले गेले. प्रत्येक भागाच्या दोन काचा घेतल्या जात, एक निळी आणि एक तांबडी. तांबड्या काचेपुढे लाल फिल्टर लावून सुमारे ४० ते ६० मिनिटांचे एक्सपोजर दिले जाई. दोन्ही काचा शेजारी ठेवल्या की निळ्या काचेवर रिकामा वाटणारा भाग तांबड्या काचेवर ढगांनी भरलेला दिसे. याच काचा तपासून स्ट्युअर्ट शार्पलेस यांनी १९५९ मध्ये अशा ३१३ हायड्रोजन-प्रदेशांची सूची प्रसिद्ध केली. बर्नार्डचे कडे त्या सूचीत २७६ व्या क्रमांकावर आहे.

१८/ हौशी निरीक्षकांकडे पालोमारची काच नव्हती, पण त्यांनीही युक्ती काढली. १९८० नंतर कोडॅकची ‘टेक्निकल पॅन २४१५’ ही कृष्णधवल फिल्म त्यांच्यात लोकप्रिय झाली. ती गडद तांबड्या प्रकाशाला चांगला प्रतिसाद देई. दीर्घ एक्सपोजरमध्ये ती ढेपाळू नये म्हणून ती एका बंद डब्यात ठेवून हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणात तासन्‌तास तापवली जाई. आकाशातल्या हायड्रोजनचा प्रकाश पकडण्यासाठी पृथ्वीवरच्या हायड्रोजनची मदत घ्यावी लागे. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॅलिन यांनी अशाच प्रक्रियांनी सिद्ध केलेल्या कृष्णधवल काचांवरून रंगीत चित्रे तयार केली. तेजोमेघांचा तांबडा रंग सामान्य वाचकाच्या ओळखीचा होण्यात त्यांच्या चित्रांचा मोठा वाटा आहे.

१९/ मग सिलिकॉनचे युग आले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. पुढे २००९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. सिलिकॉनला तांबड्या रंगाचे वावडे नाही. उलट मानवी डोळा सुमारे ७०० नॅनोमीटरला थांबतो, तर सिलिकॉन जवळजवळ ११०० नॅनोमीटरपर्यंतचा अवरक्त प्रकाशही टिपते. दीडशे वर्षांच्या खटपटीनंतर तांबड्या प्रकाशाला डोळस असे साधन अखेर हाती आले होते.

२०/ नेमका हाच गुण घरगुती कॅमेऱ्याला अडचणीचा ठरला. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांनी १९७६ मध्ये पेटंट मिळवलेल्या रचनेत सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची सूक्ष्म गाळणी असते. या गाळण्या अवरक्त प्रकाश अडवत नाहीत. तो तिन्ही रंगांत मिसळतो आणि चित्रातले रंग बिघडवतो. २००६ मधील लायका एम८ हे याचे गाजलेले उदाहरण. त्या कॅमेऱ्यातला अवरक्त-रोधक फिल्टर कमकुवत होता. त्यामुळे काळे कृत्रिम कापड चित्रात जांभळट दिसू लागले, आणि कंपनीला ग्राहकांना लेन्सवर लावायचे फिल्टर मोफत द्यावे लागले.

२१/ म्हणून बहुतेक सर्व कॅमेऱ्यांत सेन्सरपुढे अवरक्त रोखणारी निळसर काच असते. ती नेमकी ७०० नॅनोमीटरला प्रकाश तोडत नाही. मानवी डोळ्याचा प्रतिसाद जसा तांबड्या टोकाकडे उतरत जातो, तशीच या काचेतून जाणाऱ्या प्रकाशाची मात्रा ६०० नॅनोमीटरपासून उतरू लागते. त्यामुळे त्वचेचा रंग, कापडाचा रंग, गुलाबाचा रंग डोळ्याला दिसतो तसा येतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला हेच हवे असते. पण या उतारावरच ६५६.३ नॅनोमीटर येते. तिथे साधारण चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी प्रकाश सेन्सरपर्यंत पोहोचतो. हा तिसरा आंधळेपणा, आणि तो माणसाने हेतुपूर्वक निवडलेला होता.

२२/ २००३ मध्ये कॅननचा ३००डी हा डिजिटल एसएलआर अमेरिकेत एक हजार डॉलरांच्या आत मिळू लागला आणि हौशी आकाशनिरीक्षक डिजिटलकडे वळले. कृत्तिका छान येत, देवयानीची दीर्घिका छान येई. हायड्रोजनचे तेजोमेघ मात्र फिके, गुलाबीसर आणि अर्धवट येत. चुकीच्या जागी बसलेली काच लवकरच ओळखली गेली आणि स्क्रू उघडले जाऊ लागले.

२३/ ही शस्त्रक्रिया नाजूक असते. कॅमेऱ्याचे मागचे झाकण, रिबन केबली आणि सर्किट बोर्ड काढून सेन्सर बाहेर घ्यावा लागतो. त्यापुढची निळसर काच सोडवून तिच्या जागी नवी बसवावी लागते. काच नुसती काढली तर प्रकाशाचा मार्ग बदलतो आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चुकतो, म्हणून बदली काच योग्य जाडीची असावी लागते. स्थिर विद्युत, धूळ, तुटलेली केबल यांपैकी कशानेही कॅमेरा कायमचा निकामी होऊ शकतो. कंपनीची हमी तर झाकण उघडताच संपते. महिन्याभराच्या पगाराइतक्या किमतीच्या नव्या वस्तूवर माणसे असा जुगार का खेळतील, हे एका साध्या हिशेबावरून कळते.

२४/ चौथा हिस्सा प्रकाश पोहोचतो याचा अर्थ, बदललेल्या कॅमेऱ्याने एका तासात जमवलेला हायड्रोजनचा प्रकाश जमवायला मूळ कॅमेऱ्याला साधारण चार तास लागतात. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते. उरलेल्या महिन्यांतल्या निम्म्या रात्री चंद्रप्रकाशाच्या. त्यात सुट्टीचा दिवस आणि शहराबाहेर जाण्याची सोय जुळून यावी लागते. नोकरी सांभाळून हा छंद जोपासणाऱ्याच्या वाट्याला वर्षाकाठी मोजक्याच रात्री येतात. काचेमुळे वाया जातो तो प्रकाश या रात्रींचा असतो.

२५/ बदलाचे दोन प्रकार रूढ झाले. एकात मूळ काचेच्या जागी सुमारे ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश जाऊ देणारा आणि त्यापुढचा अवरक्त रोखणारा फिल्टर बसवतात. दुसऱ्यात पारदर्शक काच लावून सेन्सर पूर्ण मोकळा करतात. मोकळेपणाचा तोटाही असतो. बहुतेक लेन्स अवरक्त प्रकाश दृश्य प्रकाशासोबत एका जागी केंद्रित करू शकत नाहीत, त्यामुळे ताऱ्यांभोवती पुसट फुगवटे येतात आणि लेन्सपुढे वेगळा फिल्टर लावावाच लागतो. दोन्ही प्रकारांत दिवसाची चित्रे लालसर येतात आणि रंगांचे संतुलन नव्याने साधावे लागते.

२६/ कंपन्यांनीही या मागणीची दखल घेतली, पण हात राखून. कॅननने २००५ मध्ये २०डीए हा खास खगोलछायाचित्रणाचा कॅमेरा काढला. त्याच्या फिल्टरमधून हायड्रोजन-अल्फाचा प्रकाश मूळ मॉडेलच्या अडीचपट जातो, असे कंपनीने सांगितले. पुढे २०१२ मध्ये कॅननचा ६०डीए, २०१५ मध्ये निकॉनचा डी८१०ए आणि २०१९ मध्ये कॅननचा ईओएस आरए आला. शेवटच्या दोन्हींत हे प्रमाण सुमारे चौपट असल्याचे सांगितले गेले. यांतले कोणतेही मॉडेल दीर्घकाळ बाजारात टिकले नाही. लाखोंच्या संख्येने विकल्या जाणाऱ्या वस्तूंच्या बाजारात मूठभर निशाचरांसाठी वेगळी काच बसवणे परवडत नाही. मीस यांच्या कोडॅकने पत्करलेला तोटा नव्या कंपन्यांनी क्वचितच पत्करला.

२७/ या कॅमेऱ्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. डोळ्याला मृग असा तांबडा दिसत नाही, मग हे चित्र खरे कसे? आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे. मूळ काच कॅमेऱ्याला मानवी डोळ्यासारखे पाहायला लावते, पण तो डोळा दिवसाचा असतो. रात्रीच्या डोळ्याला रंगच नसतात. म्हणजे न बदललेल्या कॅमेऱ्याचे चित्रही कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नसते. त्यात दिवसाच्या डोळ्याचा नियम रात्रीच्या आकाशाला लावलेला असतो, आणि त्या नियमात हायड्रोजनचा बराचसा प्रकाश गळून पडतो.

२८/ बदललेल्या कॅमेऱ्याचे चित्र हायड्रोजन कुठे आहे याची नोंद अधिक पूर्णपणे देते, आणि तेवढाच दावा त्याने करावा. ६५६.३ च्या शेजारी नायट्रोजनच्या आणि थोडे पुढे गंधकाच्या तांबड्या रेषा असतात. त्यांचाही प्रकाश याच रंगात मिसळतो. संगणकावर रंग गडद करण्याचा मोह तर कॅमेरा कुठलाही असला तरी असतोच. छायाचित्र कोणत्या फिल्टरमधून, किती वेळात आणि कशी प्रक्रिया करून घेतले हे सांगितले, तर पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही. पालोमारच्या काचेवरही ही माहिती लिहिलेली असे.

२९/ शहरांच्या वाढत्या उजेडाने या तांबड्या रेषेला नवे महत्त्व आले. रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांचा मुख्य पिवळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे हायड्रोजनच्या रेषेपासून बराच दूर. ६५६ च्या आजूबाजूचा काही नॅनोमीटरांचाच पट्टा जाऊ देणारा अरुंद फिल्टर लावला की शहराचा बहुतांश उजेड गाळला जातो. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश अधिक विस्तृत पसरतो, तरी अरुंद पट्ट्यातून त्याचाही थोडाच भाग आत येतो. मात्र अशा फिल्टरचा पुरता उपयोग होण्यासाठी मागच्या सेन्सरने ६५६ चा प्रकाश स्वीकारायला हवा. म्हणूनच मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या गच्चीवरून तेजोमेघ टिपणाऱ्याला बदललेला कॅमेरा, किंवा ही काच मुळातच नसलेला खास खगोल-कॅमेरा लागतो.

३०/ जे तारे आणि दीर्घिका सर्व रंगांत चमकतात त्यांना मात्र असा फिल्टर वाचवू शकत नाही. त्यांच्यासाठी अंधारच हवा. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८० च्या दशकापासून लोकांना आकाशाखाली नेत आहेत. कॅमेऱ्यातली काच बदलता येते, आकाशावर चढलेला उजेड बदलायला समाजाचा निर्णय लागतो.

३१/ डोळ्याचा आंधळेपणा निसर्गदत्त होता. काचेचा आंधळेपणा चांदीच्या क्षाराचा होता, आणि तो घालवायला फोगेल ते मीस अशी रसायनज्ञांची पिढी खपली. सेन्सरपुढच्या काचेचा आंधळेपणा बाजाराच्या सोयीचा होता, आणि तो हौशी माणसांनी स्क्रू-ड्रायव्हरने दूर केला. या तिन्ही टप्प्यांवर मृग तोच होता. जमखंडी आणि गुंटूरच्या ग्रहणात जी तांबडी रेषा दिसली, तीच आज एखाद्या गच्चीवरच्या, हमी गमावलेल्या कॅमेऱ्यात उमटते. त्या कमानीचा प्रकाश निघाला तेव्हा छायाचित्रण तर सोडाच, पुणे नावाचे शहरही नव्हते.